काचेचे न दिसणारे वाहणे

जादूगार मुलींच्या जपानी ॲनिमे मालिकांत नायिकेची वाढ बहुधा रूपांतराच्या दृश्यातून सूचित होते. वेश पालटतो, शक्ती प्राप्त होते आणि नायिका क्षणात मोठी होते. 'ओजामाजो दोरेमी' या मालिकेच्या चौथ्या पर्वातील चाळिसावा भाग (२००२) या संकेताला छेद देतो. मामोरू होसोदा यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात वाढ आहे. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही.

सहावीतल्या दोरेमीला आपल्या मैत्रिणींसारखी स्वतःची दिशा सापडलेली नाही. एके दिवशी घरी परतताना ती रस्त्याच्या फाट्यावर नेहमीची वाट सोडते आणि मिराई या काचकारागीर स्त्रीच्या कार्यशाळेत पोहोचते. मिराई ही जादू सोडलेली चेटकीण आहे. तिच्या नावाचा अर्थच 'भविष्य' असा आहे. जादू सुटली तरी दीर्घायुष्य सुटलेले नाही. त्यामुळे आपले वय वाढत नाही हे लोकांच्या ध्यानात येण्यापूर्वी तिला गाव सोडावे लागते. म्हणजे तिचा त्याग ही मुक्ती नव्हे. दोरेमीपुढे येणारे भविष्य आश्वासक आहे तितकेच एकाकी आहे.

या भागाचे मध्यवर्ती प्रतीक काच हे आहे. काच स्थिर भासते, पण अतिशय मंद गतीने वाहत असते, असे मिराई सांगते. भौतिकशास्त्र ही समजूत मान्य करीत नाही; सामान्य तापमानाला काचेचे असे वाहणे मानवी काळाच्या मापात नगण्यच असते. परंतु प्रतीकाची सत्यता पदार्थविज्ञानावर अवलंबून नसते. येथे काच म्हणजे स्वतः दोरेमी. आपण जिथल्या तिथेच आहोत, असे तिला वाटते. कारण स्वतःचा बदल पाहण्याइतका काळ तिच्या वाट्याला अजून आलेला नाही. तो मिराईपाशी आहे.

मिराई तिला आपल्यासोबत व्हेनिसला येण्याचे सुचविते. दोरेमी पुन्हा कार्यशाळेकडे जाते, तेव्हा मिराई निघून गेलेली असते. हा शेवट म्हणजे निर्णयाला दिलेली बगल होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु वारंवार दिसणारा रस्त्याचा फाटा वेगळेच सुचवितो. होकार वा नकार देण्यापूर्वीच, आपल्यापुढे दुसरी वाटही आहे, ही जाणीव दोरेमीला झालेली असते. मालिकेच्या अखेरीस ती आणि तिच्या मैत्रिणी चेटकीण होण्याचे नाकारतात. त्या नकाराला जे गांभीर्य लाभते, त्याची पूर्वतयारी या भागातील अनुत्तरित प्रश्नाने केलेली आहे.