खासगीपणा जपणारे ब्राउझर आणि ब्राउझरचा ठसा : एक चिकित्सा

इंटरनेट वापरणाऱ्याचा माग काढण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे कुकी. ती वापरकर्त्याच्याच यंत्रात ठेवली जाते; त्यामुळे ती पाहता येते आणि पुसताही येते. ब्राउझर फिंगरप्रिंटिंग या तंत्रात मात्र यंत्रात काहीही ठेवण्याची गरज नसते. पान नीट दिसावे म्हणून ब्राउझर आपली आवृत्ती आणि पसंतीची भाषा संकेतस्थळाला कळवीत असतो. पडद्याचा आकार, कालविभाग आणि बसवलेले टंक ही माहिती पानातील आज्ञावली काढून घेऊ शकते. यांपैकी एकही बाब स्वतंत्रपणे गुप्त नाही. परंतु त्या एकत्र जुळवल्या असता त्या यंत्रापुरता एक ठसा तयार होतो. पुसण्याजोगे काही नसल्यामुळे खासगी खिडकी उघडली तरी तो बहुतांशी तसाच राहतो. या ठशापासून संरक्षण देण्याचा दावा करणाऱ्या ब्राउझरांची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या विषयाच्या अभ्यासाला खरी चालना मिळाली ती २०१० मध्ये. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेतील पीटर एकर्सली यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे तपासले, तेव्हा त्यांपैकी ८३.६ टक्के ठसे एकमेव आढळले. पुढे २०१२ मध्ये मोवरी व शाकम या संशोधकांनी दाखवून दिले की, ब्राउझरला एखादे चित्र रेखाटण्यास सांगितले, तर यंत्रागणिक त्याच्या बिंदूंत सूक्ष्म फरक पडतो आणि तोही ओळखीसाठी वापरता येतो. २०१४ च्या एका पाहणीत सर्वाधिक भेटी मिळणाऱ्या एक लाख संकेतस्थळांपैकी सुमारे साडेपाच टक्के स्थळांवर हे चित्रतंत्र प्रत्यक्ष वापरात असल्याचे दिसून आले.

एकर्सली यांची टक्केवारी आजही वारंवार उद्धृत केली जाते. परंतु तिच्यामागचा नमुना सहसा सांगितला जात नाही. त्यांच्या चाचणीला आलेले लोक खासगीपणाविषयी जागरूक, म्हणजेच सर्वसामान्यांहून वेगळे होते. फ्रान्समधील एका लोकप्रिय संकेतस्थळावर जमवलेल्या २० लाखांहून अधिक ठशांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकमेव ठशांचे प्रमाण अवघे ३३.६ टक्के भरले आणि मोबाइल यंत्रांपुरते पाहता ते १८.५ टक्क्यांवर आले. कारखान्यातून एकसारखे निघालेले आणि मालकाने फारसे न बदललेले फोन एकमेकांत मिसळून जातात, हे त्याचे एक उघड कारण. म्हणजे येथे संरक्षण मिळते ते एखाद्या साधनाच्या सामर्थ्याने नव्हे, तर गर्दीमुळे. खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरांचे मूल्यमापन करताना हीच कसोटी लावावी लागते. आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच असतो, हे ओघाने आलेच.

एकर्सली यांनी आपल्या निबंधात एक विरोधाभासही नोंदवला होता. लपण्यासाठी घेतलेले साधन दुर्मिळ असेल, तर ते साधनच ओळखीची खूण ठरते. 'माझा माग काढू नका' असा संदेश संकेतस्थळांना पाठवणारी सोय अनेक ब्राउझरांत होती. बहुतेक स्थळांनी त्या विनंतीकडे दुर्लक्ष केले. पण विनंती करणारा कोण आणि न करणारा कोण, हा भेद तेवढा उपलब्ध झाला. ॲपलने २०१९ मध्ये सफारीतून ती सोय काढून टाकली, तेव्हा तिचा ठशासाठी वापर होऊ शकतो हेच कारण दिले.

या विरोधाभासावर टॉर ब्राउझरने शोधलेला उपाय विचाराच्या दृष्टीने सर्वांत सुसंगत आहे. प्रत्येक वापरकर्ता दुसऱ्यासारखाच दिसला पाहिजे, हे त्याचे सूत्र. त्यासाठी कालविभाग सर्वांचा एकच दाखवला जातो, टंकांची यादी मर्यादित ठेवली जाते आणि खिडकी कितीही ताणली तरी पानाभोवती रिकामी चौकट सोडून तिचा आकार ठरावीक मापांत बसवला जातो. २०२३ मध्ये आलेला मुलवाड ब्राउझर टॉर प्रकल्पाच्याच सहकार्याने याच सूत्रावर उभा राहिला.

तथापि सर्वांनी एकसारखे दिसायचे म्हणजे कोणासारखे दिसायचे, हा प्रश्न उरतोच. आणि मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने तो केवळ तात्त्विक नाही. पसंतीची भाषा हा ठशाचाच एक घटक आहे. पुण्यात एखाद्याने ब्राउझर मराठीत ठेवला, तर त्याच्यासारखे अनेक असतील. तोच ब्राउझर जर्मनीतील एखाद्या लहान गावाच्या कालविभागात आणि पत्त्यावर दिसला, तर ओळख पटवण्यास फारसे काही उरत नाही. टंकांचेही तसेच. युनिकोडपूर्व काळापासून मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या संगणकांवर श्रीलिपी, आकृती यांसारखे टंक आजही असतात. पानातील आज्ञावली शब्दांची रुंदी मोजून असा टंक हजर आहे की नाही, हे ताडू शकते. छापखान्यातील असा संगणक कोट्यवधी यंत्रांत सहज वेगळा पडतो.

टॉर ब्राउझरचा यावरील सल्ला सरळ आहे. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत तो वापरणाऱ्याला, अधिक खासगीपणासाठी पाने इंग्रजीत मागवावीत का, अशी विचारणा केली जाते. तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला अचूक आहे आणि त्यात कोणताही दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण एकसारखेपणाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. ज्याची भाषा मुळातच गर्दीची, त्याला काहीच सोडावे लागत नाही. इतरांना मात्र आपल्या भाषेत पाने मागणे आणि ओळखले न जाणे यांतून निवड करावी लागते. या ब्राउझरांच्या परीक्षणांत वेग, सोय आणि जाहिराती अडवण्याची क्षमता यांची तुलना असते; हा खर्च कोणी मांडत नाही.

ब्रेव्ह या ब्राउझरने २०२० मध्ये निराळी वाट धरली. सर्वांना एकसारखे करण्याऐवजी तो चित्र व ध्वनी यांच्या मोजणीत अल्पशी भेसळ करतो आणि ती प्रत्येक संकेतस्थळासाठी व प्रत्येक सत्रात बदलतो. ठसा असतो, पण आजचा उद्याशी जुळत नाही. सामान्य वापरकर्त्याला यात फारसे काही गमवावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण मान्य केला पाहिजे. मात्र भेसळ होते आहे, ही गोष्टही ओळखता येण्याजोगी असते आणि ज्या घटकांत ती होत नाही ते उघडेच राहतात. या ब्राउझरमध्ये कठोर संरक्षणाचा एक वेगळा पर्यायही होता. तो काढून टाकत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामुळे अनेक संकेतस्थळे बिघडत होतीच. शिवाय तो निवडणारे वापरकर्ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने ते अधिक उठून दिसत होते. एकर्सली यांचा विरोधाभास चौदा वर्षांनी एका कंपनीच्या निवेदनात असा पुन्हा प्रकटला.

गर्दी हेच संरक्षण असेल, तर ती घडवण्याचे सामर्थ्य मुख्यतः मोठ्या ब्राउझरांच्या निर्मात्यांकडे राहते, आणि जगात सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर एका जाहिरात कंपनीचा आहे. याच गूगलने २०१९ मध्ये फिंगरप्रिंटिंग हे वापरकर्त्याच्या निवडीला छेद देणारे आणि चुकीचे असल्याचे म्हटले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने आपल्या जाहिरात सेवांच्या ग्राहकांवरील याविषयीचे निर्बंध सैल करीत असल्याचे कळवले. १६ फेब्रुवारी २०२५ पासून ते अमलात आले. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने हा बदल बेजबाबदार ठरवला. दुसरीकडे, टॉरमधील संरक्षणे फायरफॉक्समध्ये आणण्याचे काम २०१६ पासून सुरू झाले आणि त्यांतील बरीच तेथे आलीही. परंतु त्यांचा संपूर्ण संच मुळात बंद ठेवलेला असतो. तो सुरू करण्यासाठी प्रगत मांडणीच्या पानावर जाऊन ते कलम शोधावे लागते, आणि तेथवर पोचणारे थोडेच असतात.