चाहत्यांची चोपडी

खेळाचा चाहता हा मुळात जन्माला यायचा हिशेबनीस म्हणून. चुकून प्रेक्षक झाला, असे माझे ठाम मत आहे. न्यू जर्सीत भाच्याच्या मित्रमंडळींत बसून ते आणखी ठाम झाले.

१७ जून २०२४ च्या रात्री बोस्टन सेल्टिक्सने डॅलसला १०६-८८ असे लोळवून बास्केटबॉलचे विजेतेपद पटकावले. आता खेळ कसा झाला, यावर बोलावे की नाही? छे! घोष एकच : लेकर्सची १७, सेल्टिक्सची १८!

दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा विली मेज ९३ व्या वर्षी गेला. मंडळी गहिवरली, पण आकड्यांतच. ६६० होमरन! १९५४ साली पोलो ग्राउंड्सवर पाठमोरा धावत त्याने तो अजब झेल घेतला. तर चेंडू किती फूट गेला होता, यावर हमरीतुमरी! अहो, माणूस गेलाय, सातबारा काय काढता?

बरे, काढलाच तर पुरता काढा. १९४८ मध्ये सतरा वर्षांचा विली काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये बर्मिंगहॅमकडून खेळला. तिथले त्याचे १० हिट मोठ्या लीगच्या दप्तरी जमा झाले ते मे २०२४ मध्ये. तो जाण्याआधी जेमतेम तीन आठवडे. ३२८३ चे ३२९३ झाले. दहाची नोंद करायला ७६ वर्षे! आमच्याकडच्या कचेऱ्यांनीही लाजावे.

आणि ६६० चा गजर करणाऱ्या त्या हिशेबनिसांपैकी एकानेही हे १० तोंडातून काढले नाहीत. चोपडी मोठी, पण पहिलेच पान कोरे!