ऑनलाइन कौल आणि संसदीय लोकशाही : लोकपाल आंदोलनाच्या संदर्भात एक चिकित्सा

नागरिकांचा कौल ऑनलाइन घेतल्यास संसदीय लोकशाहीतील लोकसहभाग वाढेल, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. ते तपासण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी उभारलेले लोकपाल आंदोलन उपयुक्त ठरते. एप्रिल २०११ मध्ये जंतरमंतरवरील त्यांच्या उपोषणाच्या काळात असंख्य नागरिकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदविला. हा एक प्रकारचा कौलच होता. परंतु त्यात केवळ होकाराची सोय होती. नकार, शंका वा दुरुस्ती यांना जागाच नव्हती. न्यायव्यवस्था लोकपालाच्या कक्षेत असावी काय, त्याची निवड कोणी करावी, हे प्रश्न अशा कौलाने सुटणारे नव्हते. त्यांचा ऊहापोह संसदेच्या स्थायी समितीत व पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीत झाला. डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक संमत झाले. पहिल्या लोकपालाची नियुक्ती मात्र मार्च २०१९ मध्ये झाली. तत्पूर्वी, जानेवारी २०१९ च्या अखेरीस हजारे यांना राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषणास बसावे लागले. मिस्ड कॉल देणारा नागरिक तोवर पांगला होता. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या कौलास उत्तर देण्यास कोणीही बांधील नव्हते. ब्रिटिश संसदेच्या ऑनलाइन याचिकांना २०१५ पासून दहा हजार स्वाक्षऱ्यांनंतर सरकारचे उत्तर मिळते. एक लाखानंतर याचिका चर्चेसाठी विचारात घेतली जाते. निर्णय तेथेही संसदेचाच असतो. भारतात २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस सूचनांसाठी खुला ठेवणे अपेक्षित आहे. तथापि ते धोरण आहे, कायदा नव्हे.