वीर्याची ठेव आणि वृषणातील मूलपेशी : मराठी विज्ञानलेखनातील एक निखळलेला दुवा

शिरूर व दौंड तालुक्यांतील दुग्धव्यवसायात कृत्रिम रेतन ही नित्याची बाब आहे. वळूचे रेत आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे संकलित केले जाते. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत सुमारे 2 कोटी शुक्राणू असतात. त्यामुळे वळू खंगला, अशी तक्रार कोणी पशुपालक करीत नाही. पुरुषाचे वीर्य मात्र रक्तापासून कष्टाने बनलेली, खर्चाने घटणारी ठेव आहे, ही समजूत याच समाजात टिकून आहे. 'धातू जाण्याच्या' या भयाला मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. या समजुतीला मराठी विज्ञानलेखनाने काय उत्तर दिले, हा येथील प्रश्न आहे.

पहिले ठळक उत्तर र. धों. कर्वे यांचे. जुलै 1927 पासून 1953 पर्यंत चाललेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी ब्रह्मचर्याच्या कथित आरोग्यलाभांवर सातत्याने टीका केली. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. कर्व्यांचे धैर्य निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या युक्तिवादाचा भर हानीचा पुरावा नाही, यावर होता. वीर्यनाशाने हानी का होत नाही, याची पेशीपातळीवरील यंत्रणा तेव्हा उलगडलेलीच नव्हती. हा दोष त्यांचा नव्हे, काळाचा. त्यांच्यानंतरच्या लेखनाला मात्र ही सवलत देता येत नाही.

कारण ती यंत्रणा पुढे स्पष्ट झाली. इव्ह क्लेरमाँ यांनी 1960 च्या दशकात मानवी वृषणातील शुक्रजनक पेशींचे प्रकार व शुक्रनिर्मितीचे चक्र मांडले. शुक्रोत्पादक नलिकांच्या तळाशी, सर्टोली पेशींच्या सान्निध्यात मूलपेशी असतात. त्यांच्या विभाजनातून निघालेल्या काही पेशी मूलपेशी म्हणूनच राहतात, तर काही शुक्राणू होण्याच्या मार्गाला लागतात. हा प्रवास मनुष्यात सुमारे 74 दिवसांचा, वळूत सुमारे 61 दिवसांचा. 1994 मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांच्या प्रयोगशाळेत एका उंदराच्या वृषणातील पेशी दुसऱ्या, वंध्य उंदरात रोपण केल्यावर दात्याचे शुक्राणू निर्माण झाले. मूलपेशींच्या अस्तित्वाचा यापेक्षा रोखठोक पुरावा मिळणे कठीण. शिवाय वीर्याचा बहुतांश द्रव वृषणात नव्हे, तर शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथीत तयार होतो. म्हणजे ज्याला 'ठेव' म्हटले जाते, त्याचा बराचसा भाग तिजोरीतून आलेलाच नसतो.

आता पाठ्यपुस्तकांकडे पाहावे. महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पुस्तकात (2018) मूलपेशी आहेत आणि पुरुष प्रजननसंस्थाही आहे. पण दोन्ही प्रकरणे परस्परांना ओळखत नाहीत. प्रौढ मूलपेशींचे स्रोत सांगताना अस्थिमज्जा, मेदऊती व रक्त यांची नावे येतात, वृषणाचे येत नाही. बारावीला प्रचलित असलेली गुणन, वाढ व परिपक्वता अशी त्रिस्तरीय आकृती तर अधिकच दिशाभूल करते. वरच्या एका पेशीपासून बाण खाली उतरतात आणि चार शुक्राणूंवर थांबतात. वरची पेशी पुन्हा स्वतःला भरून काढते, हे दाखवणारा वळणारा बाण तीत नसतो. विद्यार्थी ती आकृती अचूक काढून गुण मिळवतो आणि 'ठेवी'ची कल्पना जशीच्या तशी घेऊन बाहेर पडतो.

या विसंगतीचे प्रतीक दौंडलगतच्या, परंतु हवेली तालुक्यात मोडणाऱ्या उरुळी कांचन येथे आहे. वीर्यसंचयाचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींनी 1946 मध्ये तेथे निसर्गोपचार आश्रम स्थापिला. तो सांभाळणाऱ्या मणिभाई देसाई यांनीच 1967 मध्ये तेथे 'बाएफ' उभी केली आणि या संस्थेने गोठीत रेताचे तंत्र गावोगाव नेले. दोन्ही वारसे एकाच गावात नांदतात. कोणत्याही मराठी पुस्तकाने त्यांची गाठ घालून देण्याचे कष्ट क्वचितच घेतले असतील.

अर्थात 'ठेव' नाकारताना 'अक्षय झरा' म्हणणेही चूकच ठरेल. काही कर्करोगविरोधी औषधे व प्रारणे या मूलपेशी कायमच्या नष्ट करू शकतात. प्रौढ रुग्णाचे वीर्य उपचारापूर्वी गोठवून ठेवता येते. वयात न आलेल्या मुलाच्या वृषणात शुक्राणू नसतात, पण मूलपेशी असतात. 2019 मध्ये वयात न आलेल्या माकडाची गोठवलेली वृषणऊती त्याच्याच शरीरात पुन्हा रोपण करून मिळालेल्या शुक्राणूंपासून पिल्लू जन्मले. मानवी मुलांसाठी वृषणऊती जतन करण्याचा मार्ग आजही प्रायोगिक आहे. मात्र उपचारापूर्वी त्याविषयी डॉक्टरांना विचारायचे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या पालकाला वृषणात मूलपेशी असतात एवढे तरी ठाऊक हवे, आणि ते वाक्य त्याच्या पुस्तकात नव्हते.