कळफलक आणि वर्णविचार

मराठीसाठी संगणकाचा कोणता कळफलक स्वीकारावा, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा वेगाच्या आणि सोयीच्या अंगाने होते. कोणत्या रचनेत मिनिटाला अधिक शब्द उमटतात, कोणती रचना लवकर हाती बसते, एवढ्यावरच निर्णय दिला जातो. परंतु कळफलक हे केवळ हाताचे साधन नव्हे. लेखनाचा मूळ घटक कोणता, ह्याविषयीचे एक गृहीत प्रत्येक कळफलकाच्या रचनेत दडलेले असते आणि लिहिणारा ते नकळत पत्करतो. म्हणून ह्या रचनांची परीक्षा भाषाशास्त्राच्या कसोटीवर होणे अगत्याचे आहे.

यंत्र आणि लिपी ह्यांचा हा वाद सांगली-मिरजेच्या परिसराला नवा नाही. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. सुटे खिळे नसल्यामुळे अक्षराचे तुकडे पाडण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही. पुढे सुटे खिळे आले आणि देवनागरीच्या जोडाक्षरांची व मात्रांची संख्या अडचणीची वाटू लागली. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ लिहिण्याची पद्धती, ह्याच अडचणीतून पुढे आली. आणि किर्लोस्करवाडीहून १९२० पासून निघू लागलेल्या किर्लोस्कर मासिकाने ती काही काळ प्रत्यक्ष वापरलीही. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची सूचना केली. ह्या दोन्ही प्रयत्नांत यंत्र स्थिर मानून लिपी बदलावी, अशीच दृष्टी होती. दोन्ही सुधारणा लोकांच्या लेखनात रुजल्या नाहीत.

टंकलेखनयंत्राने निराळा मार्ग धरला. त्याने लिपी बदलली नाही, तिचे आकार सुटे केले. सुमारे नव्वद चिन्हांच्या मर्यादेत सारी देवनागरी बसवावयाची, तर काही अक्षरे अर्धे रूप आणि उभा दंड अशा दोन ठोक्यांत लिहिणे भाग होते. ‘मिरज’ लिहिताना वेलांटी प्रथम आणि ‘म’ नंतर. ‘कर्ज’ लिहिताना ‘क’ व ‘ज’ आधी आणि रफार शेवटी. येथे लेखनाचा घटक ध्वनी नव्हे, तर कागदावरील आकृती होय. हीच रचना ‘रेमिंग्टन’ ह्या नावाने संगणकावरही आली आणि यंत्रावर शिकलेल्यांच्या हाताला ती जवळची वाटली. मात्र ज्या यांत्रिक मर्यादेतून ती जन्मली ती मर्यादा संगणकाला नाही. कारण संपल्यावरही कार्य उरावे, असा हा प्रकार आहे.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली ‘इन्स्क्रिप्ट’ रचना ह्याहून मूलतः भिन्न आहे. तिचा पाया वर्णमाला हा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने काही अपवाद वगळता उजव्या हाताला. ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ ह्या अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकाच कळीवर. मात्रा खाली, तर तिचा स्वतंत्र स्वर ‘शिफ्ट’ कळीसह. अक्षरे उच्चारक्रमाने लिहावयाची; ‘मिरज’मध्ये ‘म’ आधी, वेलांटी मागून. स्थान आणि प्रयत्न ह्यांवर आधारलेला प्राचीन ध्वनिविचार येथे बोटांच्या हालचालीत उतरला आहे. शिवाय निरनिराळ्या भारतीय लिप्यांत समान वर्णाला समान कळ असल्यामुळे, जत तालुक्यातील मराठी आणि कानडी दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी रचना नव्याने शिकावी लागत नाही. हा गुण सामान्य नव्हे.

तथापि ह्या रचनेचे तत्त्व सर्वत्र सारखे पाळले गेलेले नाही. ‘ळ’ हा ‘ल’च्या कळीवर ‘शिफ्ट’सह ठेवला आहे, परंतु ‘ळ’ हा ‘ल’चा महाप्राण नव्हे. मराठीत तो स्वतंत्र अर्थभेदक वर्ण आहे, हे ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘गाल’ आणि ‘गाळ’ ह्या जोड्यांवरून स्पष्ट होते. ‘ण’ तर ‘म’च्या कळीवर बसविला आहे, आणि त्या दोघांत अनुनासिकत्वावाचून काही समान नाही. सर्व भाषांसाठी एकच आराखडा करताना मराठीत पदोपदी येणाऱ्या ह्या वर्णांना दुय्यम जागा मिळाली. ‘ॲ’ची कथा अशीच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये, ५.१ व्या आवृत्तीत.

असे असूनही ‘इन्स्क्रिप्ट’पुढील खरा अडथळा तिच्या रचनेत नसून कळफलकाच्या पृष्ठभागावर आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असतात. जे दिसत नाही ते शिकणाराला अवघड वाटते. साहजिकच तो रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या तिसऱ्या पद्धतीकडे वळतो. ही पद्धती सोपी आहे, ह्यात शंका नाही. पण तिच्यात मराठी शब्द प्रथम इंग्रजी वर्णांच्या चाळणीतून जातो. सातारा जिल्ह्यातील जावळी आणि सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, कवठे महांकाळ ह्या तालुक्यांच्या नावांत ‘ळ’ आहे. पलूस आणि फलटण ह्यांत ‘ल’ आहे. रूढ रोमन लेखनात हा भेद पुसला जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’ आणि ‘ऱ’ ह्यांतून हा भेद लिहिणारा स्वतः करतो, तर रूढ रोमन लेखनात दोन्हींचे रूप एकच होते आणि निवड यंत्राच्या सूचनेवर सोपविली जाते.

भाषेच्या अभ्यासकाला ह्याचे गांभीर्य विशेष जाणवावे. सातारा-सांगलीच्या ग्रामीण बोलीतील ‘व्हतं’, ‘न्हाई’ अशी रूपे टिपून घेताना रोमन अक्षरे दाबली, की शब्दसूचीत बहुधा ‘होतं’, ‘नाही’ ही प्रमाणरूपे आधी पुढे येतात. संकलकाने घाईत त्यांपैकी एक स्वीकारले, तर बोलीचा पुरावा नोंद होण्यापूर्वीच नष्ट होतो. आणि पुढे त्या सामग्रीवर काम करणाऱ्याला ही हानी ओळखण्याचे साधनही उरत नाही. हस्तलिखित टिपणातील चूक चूक म्हणून दिसते. येथील चूक शुद्ध भाषेचा वेष घेऊन येते.

ह्यावरून रोमन पद्धतीवर बंदी घालावी, असा निष्कर्ष निघत नाही. खाजगी पत्रव्यवहाराला ती पुरेशी आहे. ज्यांचे हात टंकलेखनयंत्रावर घडले, त्यांच्याकडून रेमिंग्टन रचना हिरावून घेण्यातही अर्थ नाही. परंतु बोलींचे संकलन, स्थलनामे आणि व्यक्तिनामे ह्यांच्या नोंदी, पाठसंपादन अशा कामांत वर्णाची निवड लिहिणाऱ्याच्याच हाती राहिली पाहिजे, आणि ती तशी ठेवणारी रचना आज इन्स्क्रिप्ट हीच आहे. पदव्युत्तर वर्गात वर्णविचार शिकविताना हा कळफलकही शिकविता येईल. एकाने दुसरे सुबोध होईल. महाविद्यालयांनी खरेदीच्या वेळी देवनागरी छापलेले कळफलक मागितले, तर मोठा अडथळा अल्प खर्चात दूर होईल. ‘ळ’ आणि ‘ण’ ह्यांच्या स्थानाचा फेरविचार मात्र मराठीच्या अभ्यासकांनीच, वर्णांच्या वारंवारितेची मोजणी करून, मानक ठरविणाऱ्यांपुढे मांडावयास हवा. लिपी यंत्रापुढे वाकविण्याचे प्रयत्न मागे पडले. यंत्र लिपीला अनुरूप करण्याचे काम अद्याप अपुरे आहे.