‘बनगरवाडी’ : शब्दाला मिळणारा कान

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. माणदेशाची उजाड भूमी, धनगरांचे खडतर जिणे आणि लेखकाची अल्पाक्षरी शैली यांचा गौरव समीक्षकांनी पुष्कळ केला आहे व तो यथार्थच आहे. परंतु आम्हांस या कृतीचे मर्म निराळ्या ठिकाणी दिसते. जुन्या वळणाच्या गावात कोणाचे बोलणे ऐकले जाते, ते केव्हा ऐकले जाते आणि कोणाचे मुळीच ऐकले जात नाही, या प्रश्नाचा इतका सूक्ष्म उलगडा मराठीत क्वचितच झाला असेल.

औंध संस्थानातील या वाडीत एक कोवळा तरुण मास्तर म्हणून येतो. त्याच्यापाशी सरकारी हुकूम आहे, पण शाळेत मूल नाही. वाडी हुकुमाला विरोध करीत नाही. ती केवळ लक्ष देत नाही. वृद्ध कारभाऱ्याने शब्द टाकल्यावर मात्र पोरे शाळेची वाट धरतात. कारभाऱ्याचा हा अधिकार कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही. आयुष्यभर गावाची गाऱ्हाणी कानांवर घेतल्याने त्याच्या शब्दाला ते वजन आले आहे. मास्तरही त्याच मार्गाने जातो. तो लोकांच्या अडचणी ऐकतो, विश्वासाची कामे अंगावर घेतो, तंट्यांत मध्यस्थी करतो. म्हणूनच तालीम बांधण्याची त्याची कल्पना वाडी आपली मानते. आधी ऐकावे, मग ऐकले जावे, असा हा क्रम आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लेखकाने लपविलेली नाही. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिच्यावरून कुजबूज उठते आणि कारभारी मास्तराशी बोलणेच टाकतो. जेथे सर्व व्यवहार तोंडी चालतो, तेथे अबोला ही मोठी शिक्षा ठरते. ज्या कानांनी मास्तराला पत दिली, त्याच कानांनी कंडीही तितक्याच सहजपणे स्वीकारली. ग्रामसमाजाच्या आपुलकीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

येथवर प्रशंसा झाली. आता एक मर्यादा सांगणे प्राप्त आहे. एकच बैल असलेल्या शेकूची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुवाला खांदा देते, हे चित्र वाचकाच्या मनातून पुसले जात नाही. तथापि ती बाई आपणांस दिसते, तिचे मन मात्र ऐकू येत नाही. निवेदक बाहेरून आलेला तरुण पुरुष; त्याचा कान जेथवर पोहोचतो, तेथवरच कादंबरी पोहोचते. हा संयम कलेच्या दृष्टीने प्रामाणिक आहे. परंतु या वाडीलाच संपूर्ण गाव समजणे चुकीचे होईल.

वाडी मुख्यतः एका जमातीची. मोठ्या गावाची उतरंड तेथे नाही. ती उतरंड समजून घ्यावयाची तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) शेजारी ठेवावा आणि मग दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचावे. जुन्या गावात दवंडी देणे, सांगावा पोहोचविणे ही महाराची कामे असत. गावाचा शब्द त्याच्या मुखाने वेशीपर्यंत जाई, पण त्याच्या स्वतःच्या शब्दाला चावडीवर जागा नव्हती. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. मात्र ऐकण्याची सवय कायद्याने लागत नाही. तिला साहित्य लागते. ‘बलुतं’ने वाचकास प्रथम अस्वस्थ केले ते याचमुळे.

हातोदसारख्या माळव्यातील गावी, जेथे मराठी ही थोड्याच घरांची बोली आहे, हा प्रश्न आम्हांस अधिकच जवळचा वाटतो. शिक्षकबंधूंनी ‘बनगरवाडी’ वर्गात केवळ निसर्गवर्णनासाठी वाचू नये. या प्रसंगी कोण बोलले, कोणी ऐकले, आणि कोण हजर असूनही गप्प राहिले, असे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे देशोधडीला लागतात, आणि मास्तरालाही वाडी सोडावी लागते. ऐकणारेच उरले नाहीत, मग शिकवावयाचे कोणाला? शाळेचा प्राण तिच्या इमारतीत नसतो, हे या शेवटाइतके स्पष्ट आम्हां अध्यापकांना दुसऱ्या कोणत्या पुस्तकाने सांगितल्याचे स्मरत नाही.