शांतता नव्हे, शांती

बेळगाव-निपाणीच्या वाचकाला ‘शांतता’ या शब्दाची ओळख बहुधा जमावबंदीच्या हुकुमातून झालेली असते. 17 जानेवारी 1956 चे हुतात्मे, 1981 चा निपाणीच्या तंबाखू उत्पादकांवरील गोळीबार, 1986 चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, यांच्यामागून आली ती शांतता गप्प बसविलेल्या माणसांची होती. भांडावे तर द्वेष वाढतो, न भांडावे तर अन्याय पचतो, हा पेच आम्हां सीमावासीयांच्या पाचवीला पुजलेला आहे. या पेचातून वाट काढू पाहणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या वाङ्मयाचा विचार आज आम्ही करीत आहो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 25 जुलै 2024) हे वसईजवळच्या नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले. हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे वसईची शेती, बागा आणि पाणी यांच्या रक्षणासाठी ते जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. त्यांना धमक्या आल्या. पण त्यांनी मोर्चा, सभा आणि लेखणी यांपलीकडे दुसरे शस्त्र उचलले नाही.

हीच वृत्ती त्यांच्या ग्रंथांत उतरली आहे. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकाचे नावच बोलके आहे. श्रद्धेच्या भूमीकडे जाताना तेथील संघर्षाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. ‘सुबोध बायबल’ हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी जे कष्ट उपसले, त्यांचाच वारसा येथे पुढे चालला आहे. धर्मग्रंथ परक्या वळणाच्या भाषेत राहिला, की त्याचे अनुयायीही शेजाऱ्याला परके वाटतात. मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे गद्य लिहिणे हे म्हणूनच केवळ भाषांतराचे काम नव्हे; तो सलोख्याचाच एक प्रकार होय.

दोष दाखविणेही आमचे कर्तव्य आहे. त्यांच्या ललित लेखनात प्रवचनकार अनेकदा लेखकावर मात करतो. अनुभव पुरता रंगण्याआधीच बोध हाती येतो. वाचकाला थोडे अस्वस्थ ठेवण्याचे धैर्य त्यांनी चळवळीत जितके दाखविले, तितके निबंधात दाखविले नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घराणी सोळाव्या शतकात देव घेऊन गोव्यातून बाहेर पडली. ती जखम विसरून एका पाद्रीची स्तुती करावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच काळी केळशीहून कवळ्यास आलेल्या श्रीशांतादुर्गेची कथा आम्ही कशी विसरावी? हरि आणि हर यांचे युद्ध पेटले असता देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांसही आवरले. ती दूर बसून डोळे मिटणारी देवता नाही. शांती ही मध्ये उभे राहून करावी लागते, हे आपल्या कुलदेवतेनेच आपणांस शिकविले आहे. येशूच्या गिरिप्रवचनातही मान आहे तो शांती करणाऱ्यांना.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मध्ये उभे राहणाऱ्या माणसाकडे आले. त्या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू येण्याची ती पहिलीच वेळ. धर्माच्या नावाने विरोध झाला. पाठीच्या दुखण्याने गांजलेले फादर तरीही गेले, मराठीची बाजू मांडून आले आणि असहिष्णुतेविरुद्धही बोलले.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. निकाल कोणताही लागो, मराठी आणि कानडी घरांची भिंत एकच राहणार आहे. मराठीचा हक्क सोडू नये आणि कानडी शेजाऱ्याचा द्वेषही करू नये, हे कसे साधावे याचा एक वस्तुपाठ या वाङ्मयात आहे. तो ख्रिस्ती हाताने लिहिला म्हणून आम्ही वाचला नाही, तर तोटा आमचाच होईल.